जातं, संबळ आणि औट घटकेचा राजा : यंत्रांपूर्वीच्या महाराष्ट्रातली सामान्यांची संस्कृती – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'यंत्रांपूर्वीचा काळ' म्हणजे नेमका कधीपर्यंतचा?

पाठ्यपुस्तकी उत्तर सोपं आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, १८५४ मध्ये मुंबईत ताडदेवच्या कापड गिरणीची पायाभरणी झाली, तेव्हापासून यंत्रयुग सुरू. पण लोकसंस्कृतीला ही तारीख लागू पडत नाही. गिरणीचं कापड बाजारात आल्यावरही धान्य हातानेच दळलं जात होतं, मोट बैलच ओढत होते. ज्या कामाला यंत्र लागलं त्या कामाचं गाणं आधी थांबलं, बाकीची चालू राहिली. पिठाची गिरणी बऱ्याच गावांत विसाव्या शतकाच्या मध्यावर पोचली. म्हणून कोणत्याही गाण्याविषयी, खेळाविषयी, सणाविषयी पहिला प्रश्न 'कोणत्या साली?' हा नसून 'कोणत्या कामाशी बांधलेलं?' हा असावा. या पानावरची बहुतेक उत्तरं याच प्रश्नापाशी येतात.

लोक निरक्षर होते. मग त्यांच्यापर्यंत रामायण-महाभारत पोचलं कसं?

कानांनी. १९०१ च्या जनगणनेतसुद्धा हिंदुस्थानातली साक्षरता ५.३५ टक्केच होती, त्याआधीची कल्पना करता येते. पण वाचता न येणं आणि माहीत नसणं या दोन वेगळ्या गोष्टी. चातुर्मासात एकाने पोथी लावायची आणि सगळ्या आळीने ऐकायची, ही रीत होती. श्रीधरस्वामींचे 'हरिविजय', 'रामविजय', 'पांडवप्रताप' हे अठराव्या शतकाच्या आरंभीचे ग्रंथ घरोघर पोचले ते असे. पोथीची पानं सुटी, आडवी, बोरूने लिहिलेली असत. ती दोन फळ्यांमध्ये ठेवून कापडात बांधत. वाचणारा एक असला तरी ऐकणारे पन्नास असत, आणि दरवर्षी तीच पोथी ऐकून त्यातले निम्मे पुढची ओळ आधीच म्हणत.

शिवाय कीर्तन, भारूड, गोंधळ, चित्रकथी होतेच. कुडाळजवळच्या पिंगुळी गावातले ठाकर कलावंत कागदावर रंगवलेली चित्रं एकामागून एक दाखवत कथा गात. तिथेच चामड्याच्या आणि लाकडी बाहुल्यांचा खेळही चालतो.

बायका जात्यावरच का गात? आणि इतक्या ओव्या आल्या कुठून?

आधी काम समजून घेतलं की गाणं समजतं. भाकरी ज्वारीची नाहीतर बाजरीची. बाजरीचं पीठ थोड्याच दिवसांत कडू पडतं. ज्वारीचं पीठ शिळं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि थापताना भाकरीला चिरा पडतात. त्यामुळे आठवड्याचं दळण एकदम काढून ठेवणं परवडत नसे, रोज पहाटे दळावंच लागे. पाच-सहा माणसांच्या घराला अडीच-तीन किलो पीठ म्हणजे उजाडायच्या आतले दीड-दोन तास.

हे काम जड, एकसुरी आणि अंधारातलं. एकीने दळायचं तर उजव्या हाताने खुंटा फिरवायचा आणि डाव्या हाताने मुठीमुठीने दाणे वैरायचे. दोघी असल्या तर समोरासमोर बसून दोघींनी खुंटा धरायचा. मग एक ओढते तेव्हा दुसरी ढकलते. गाणं इथे करमणुकीपेक्षा तालासाठी लागतं, कारण दोघींची ओढ जुळली नाही की तळी अडखळते आणि खांदा भरून येतो.

आता हिशेब करा. एक ओवी दोनदा म्हणून पुरी व्हायला अर्धा मिनिट धरलं, तरी दीड तासात दीडशेच्या वर ओव्यांना जागा आहे. हे दररोज, वर्षभर, घरोघरी. म्हणूनच हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या संशोधकांच्या प्रयत्नातून महाराष्ट्रभरच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा होऊ शकल्या. तो संग्रह आता 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया' या संकेतस्थळावर खुला होत आला आहे.

आणखी एक गोष्ट. त्या वेळी घरातले पुरुष झोपलेले असत आणि जात्याच्या घरघरीत शब्द दारापलीकडे नीट जात नसत. सासुरवाशिणीला मनातलं मोठ्याने बोलायची दिवसातली ही एकच जागा होती. सासूचा जाच, नवऱ्याची मारझोड, भावाची वाट पाहणं, मूल न होण्याचं दुःख हे सगळं ओवीत इतकं उघड येतं ते यामुळे.

ओवीची घडण कशी असते?

बहुधा दोन ओळी, प्रत्येक ओळीचे दोन तुकडे, शेवटी यमक. पहिली ओळ दोनदा म्हणतात. तेवढ्या अवधीत दुसरी ओळ सुचते, आणि जोडीदारणीला पहिली पाठ होते. अक्षरं मोजून मापात बसवलेली नसतात. जिथे कमी पडतील तिथे 'ग बाई', 'सांगते तुला', 'माझ्या' असे भर घालणारे शब्द येतात, जिथे जास्त होतील तिथे घाईने उरकतात. ताल जात्याच्या फेऱ्याचा, मात्रांचा नव्हे.

सुरुवात ठरलेली असते : 'पहिली माझी ओवी' देवाला किंवा आईबापाला, मग दुसरी, तिसरी. हा साचा म्हणजे हात गरम होईपर्यंतची तयारी. मुलगा 'राघू', मुलगी 'मैना', हे शब्दही तयार असतात. कोणत्याही बाईने ओवी संपूर्ण नव्याने रचली असं क्वचितच घडतं. ती तयार तुकडे उचलते, त्यात आपल्या भावाचं नाव, आपलं गाव, आपला सल बसवते. म्हणून 'मूळ ओवी कोणाची?' या प्रश्नाला अर्थ नाही.

ओवी किती जुनी?

चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात (११२९) महाराष्ट्रात स्त्रिया कांडताना ओवी गातात असा उल्लेख आहे. लक्ष द्या : दळताना नव्हे, कांडताना. म्हणजे उखळ-मुसळाच्या ठोक्यावरही ओवी बसत होती. ज्ञानेश्वरी (१२९०) ओवीबद्ध आहे, पण तिची ओवी साडेतीन चरणांची, पहिल्या तीन चरणांत यमक आणि चौथा आखूड. ग्रंथातली ओवी आणि जात्यावरची ओवी एकाच नावाच्या, एकाच कुळातल्या, पण एकसारख्या नाहीत. ओवी ग्रंथाच्या आधी घराघरात होती, हे मात्र सोमेश्वराच्या त्या एका ओळीने पक्कं होतं.

जात्याची रचना कशी? बिघाड कोणते होत?

काळ्या पाषाणाच्या दोन गोल तळ्या. खालची स्थिर, तिच्या मधोमध खिळा. वरची फिरती, तिच्या मधोमध दाणे टाकायचं तोंड. त्या तोंडात आडवी बसवलेली लाकडी पट्टी खिळ्यावर टेकते आणि तिच्यावर वरची तळी तोलली जाते. कडेला भोकात लाकडी खुंटा.

पीठ जाड येत असेल तर बहुतेक वेळा वैरणाऱ्या हाताची घाई झालेली असते. मूठ मोठी पडली की दाणे न भरडता बाहेर येतात. उलट मूठ फारच लहान पडली तर दगडावर दगड घासतो, जातं जड लागतं आणि पिठात कच येते. दाणे ओलसर असतील तर पीठ टाक्यांच्या, म्हणजे दगडावर छिन्नीने पाडलेल्या, खाचांत बसून तळी गुळगुळीत होते. म्हणून दळणाला ऊन दाखवायचं. डाळ भरडायची तर पीठ व्हायला नको, तेव्हा खिळ्यावर चिंधीची चुंबळ घालून वरची तळी किंचित उचलून घेत. खुंटा सैल झाला तर पाचर ठोकायची.

वापराने खाचा झिजल्या की जातं टाकवून घ्यावं लागे. छिन्नी-हातोड्याने तळीच्या अंगाला पुन्हा बारीक टाके पाडायचे, हे पाथरवटांचं आणि टकाऱ्यांचं काम. टकारी हे नावच टाकीवरून पडलं. टाकवलेल्या जात्यात पहिल्या घाण्याला कोंडा किंवा हलकं धान्य दळून ते बाजूला काढत. तसं न केलं तर दोन दिवस भाकरी दाताखाली कचकचते.

लग्नघरी याच जात्याला सुपारी बांधून, हळद-कुंकू वाहून सुवासिनी हळद दळतात. रोज राबणारी वस्तू त्या दिवशी देव होते.

गोंधळ म्हणजे नेमकं काय करतात?

लग्नानंतर किंवा नवस फेडायला कुलदेवीच्या नावाने घातलेलं रात्रभराचं विधिनाट्य. गोंधळ्यांचे दोन मुख्य वर्ग : माहूरच्या रेणुकेचे रेणुराई आणि तुळजापूरच्या भवानीचे कदमराई.

आधी चौक मांडतात. पाटावर नवं खणाचं कापड, त्यावर धान्याची रास, राशीवर पाण्याचा तांब्या, त्यात विड्याची पानं आणि वर नारळ. भोवती ज्वारीची किंवा उसाची पाच ताटं उभी करून शेंडे एकत्र बांधायचे. मग दिवटी पेटते. दिवटी म्हणजे मुठीच्या टोकाला पीळ दिलेल्या चिंध्यांची मशाल. ती रात्रभर जळायची म्हणजे सारखं तेल हवं, त्यासाठी बुधली जवळच असते. गळ्यात कवड्यांची माळ, साथीला संबळ, तुणतुणं, झांज.

संबळ हे जोडवाद्य आहे, एक तोंड खर्जाचं आणि एक चढ्या आवाजाचं, कमरेला बांधून काटक्यांनी वाजवायचं. तुणतुण्याला एकच तार. ती सूर धरते, बाकी सगळं संबळ बोलतं.

नंतर आवाहन. तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा अशा एकेका ठिकाणच्या देवाला नावानिशी गोंधळाला बोलावतात. कधी घराबाहेर न पडलेल्या बाईला सगळ्या महाराष्ट्राचा नकाशा या आवाहनातून तोंडपाठ होई. मग आख्यान. नायक सांगतो, साथीदार मध्येच शंका काढतो, विनोद करतो, पेंगणाऱ्याला जागं करतो. पहाटे आरती होते आणि गोंधळ उठतो.

चुकतं कुठे? हल्ली अर्ध्या तासाच्या मंचीय कार्यक्रमात आवाहन गाळून थेट नाचाला सुरुवात होते. आवाहन गेलं की तो गोंधळ उरत नाही, संबळावरचा नाच उरतो.

या कलावंतांना पैसे कोण देई?

नाण्यात क्वचितच मिळे. गावगाड्यात बारा बलुतेदार आणि अठरा अलुतेदार अशी मांडणी असे, नावांची यादी गावोगाव थोडी बदले. बलुत्यांच्या थोरली, मधली, धाकटी अशा तीन ओळी, आणि त्या क्रमाने हिस्सा कमी होत जाई. सुगीला खळ्यावर धान्य तयार झालं की हिस्सा तिथेच मापून घ्यायचा. माप शेर-पायलीचं : चार शेरांची पायली. गोंधळी, भाट यांच्यासारखे अलुतेदार सणासुदीला आणि फेरीच्या वेळी घेत. वासुदेव मोरपिसांची टोपी घालून, चिपळ्या वाजवत सकाळी दारात येई आणि सूपातलं धान्य घेऊन दात्याच्या पूर्वजांच्या, देवांच्या नावाने 'दान पावलं' म्हणे.

म्हणजे गाणं हा विकायचा माल नव्हता, वतन होतं. त्यात हक्क होता तसं बंधनही होतं. ज्याचा मान त्यानेच वाजवायचं, आणि बोलावलं की नाही म्हणायचं नाही.

'औट घटकेचा राजा' हा वाक्प्रचार कुठून आला?

शिराळशेटच्या सणातून. औट म्हणजे साडेतीन. एक घटका २४ मिनिटांची, म्हणजे औट घटका ८४ मिनिटांची. कथा अशी : चौदाव्या शतकाच्या अखेरीस पडलेल्या दुर्गादेवीच्या दुष्काळात श्रियाळशेट नावाच्या वाण्याने आपली कोठारं उघडून लोक जगवले. बिदरच्या बादशहाने खूश होऊन काय हवं ते माग म्हटलं, तेव्हा त्याने साडेतीन घटकांचं राज्य मागितलं. ती कथा लोकांनी सणात जपली. श्रावण शुद्ध षष्ठीला, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, मातीचा शिराळशेट करून सजवायचा, वाजतगाजत मिरवायचा आणि बुडवायचा.

सत्ता थोडा वेळ सामान्याच्या हाती देऊन परत काढून घेणारे सण जगभर आढळतात. आपल्याकडचा वेगळेपणा हा, की इथला राजा चेष्टेचा विषय नाही, त्याने धान्य वाटलं म्हणून तो राजा आहे. उलट मर्यादा मोडायची मुभा होती ती शिमग्यात. बोंब, शिव्या, चिखल-राख हे सगळं त्या ठरावीक दिवसांत चालून जाई आणि रंगपंचमी उलटली की बंद.

मानपानावरून इतकी भांडणं का होत?

कारण मान ही मालमत्ता होती. पाटिलकीच्या वतनपत्रांत जमिनीबरोबर मान मोजून लिहिलेले असतात : पहिला टिळा, पहिला विडा, होळीची पोळी, पोळ्याला बैल आधी नेण्याचा हक्क, शिराळशेट. अर्धी पाटिलकी विकली की यातला कोणता मान कोणाचा, मिरवणुकीत उजवी बाजू कोणाची, हेसुद्धा कागदावर वाटून घेत. पोळ्याला बैल पुढे काढल्यावरून झालेली तक्रार 'एवढ्याशा कारणाची' वाटते, पण त्या दिवशी गप्प बसणारा पुढच्या पिढीचा हक्क घालवत असे. गोतसभेपुढे, म्हणजे गावच्या वतनदारांच्या सभेपुढे, साक्षी होऊन महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, लिहिला जाई. सामान्य माणसांचं बोलणं त्यांच्या तोंडच्या भाषेच्या जवळ जाऊन वाचायचं असेल तर हे महजर वाचावेत. सोबत मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) हाताशी ठेवावा. आज हरवलेले अवजारांचे, मापांचे, रीतिभातींचे शब्द त्यात सापडतात.

शाहीर 'लोकांतले' होते की दरबारातले?

दोन्हीकडचे. होनाजी जातीने गवळी, त्याचा जोडीदार बाळा जातीने शिंपी, तर राम जोशी सोलापूरचे ब्राह्मण आणि पुढे कीर्तनकार. फडावर कलगी आणि तुरा असे दोन पक्ष समोरासमोर उभे राहत. कलगीवाले शक्तीला थोर मानत, तुरेवाले शिवाला. कूट सवाल टाकायचा, समोरच्याने कवनातच जवाब द्यायचा, आणि रात्र सरेपर्यंत हे चाले. हलगी मध्येच बद्द वाजू लागली की आगटीवर शेकून घेत, कारण दमट हवेत चामडं सैल पडतं. उच्च आणि लोक अशी भिंत घालायची सवय सोडलेली बरी. एकनाथांनी सोळाव्या शतकात वासुदेव, जोशी, गोंधळी यांचीच सोंगं घेऊन भारुडं रचली आणि ती पुन्हा लोकांकडे गेली.

मुलांच्या खेळांत जुनं काही उरलं आहे का?

विटीदांडूतली मोजणी पाहा : वकट, लेंड, मूंड, नाल. हे तेलुगूतले ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु, म्हणजे एक ते चार. पुस्तकात कुठेही न लिहिता, शिक्षकाशिवाय, मुलांनी मुलांना शिकवत हे शब्द टिकवले.

म्हणजे तेव्हा सगळे एकत्र, आनंदात नांदत होते?

नाही, आणि असं चित्र रंगवणं त्या माणसांवर अन्याय आहे. ज्याच्या सनईशिवाय लग्न लागत नसे, त्याला मांडवाच्या आत येऊ देत नसत. मुरळी म्हणून लहान मुली खंडोबाला वाहिल्या जात. १९३४ च्या मुंबई देवदासी संरक्षण कायद्याने देवाला वाहण्याची ही चाल बेकायदा ठरवली. बायकांची ओवी गोड लागते, पण ती पहाटे उठून दगड ओढणाऱ्या बाईची आहे. गिरणी आली तेव्हा बायकांनी हळहळ केली नाही, सुटकेचा श्वास टाकला. तो आनंदही नोंदवला पाहिजे.

घरातल्या आजीकडून ओव्या नोंदवायच्या आहेत. कसं करावं?

'आजी, ओवी म्हणा' म्हणून समोर फोन धरला तर तीन-चार ओव्यांवर गाडी थांबते. ओवी हाताच्या स्मरणात असते. जातं असेल तर मूठभर दाणे घालून फिरवायला द्या, नसेल तर रिकाम्या पाट्याजवळ बसवा. हात हलू लागला की शब्द येतात. शक्य तर तिच्या वयाची दुसरी बाई बरोबर बसवा, कारण एकीची ओवी दुसरीची ओढून काढते. पंखा आणि टीव्ही बंद ठेवा.

आधी तिचं माहेर कुठलं, सासर कुठलं, लग्न कोणत्या वयात झालं ते लिहून घ्या. ओव्या माहेराहून सासरी जातात, त्यामुळे गावाच्या नोंदीशिवाय ओवी अर्धीच राहते. चालीला बायका 'गळा' म्हणतात. एका गळ्यात निदान दहा ओव्या सलग घ्या, मग दुसरा गळा. अर्थ मध्येच विचारू नका, गाणं पूर्ण झाल्यावर विचारा.

लिहिताना सर्वांत मोठी चूक म्हणजे भाषा 'शुद्ध' करणं. 'व्हतं' ला 'होते' केलं की यमकही जातं आणि गावही जातं. 'ग बाई' सारखे शब्द गाळू नका, ताल त्यांच्यावरच उभा असतो. आणि ओवीत घरातल्या माणसाचं गाऱ्हाणं आलं असेल तर ती कुणाला ऐकवायची आणि कुणाला नाही, हे म्हणणाऱ्या बाईला विचारूनच ठरवा.